परतीचं टपाल

१० जानेवारी १८४०. या दिवसापासून ब्रिटनमध्ये पत्र पाठवणं एकदम स्वस्त झालं. त्याआधी टपालाचा दर अंतर आणि कागदांच्या संख्येवरून ठरायचा आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच मोजावे लागायचे. आता अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही जायला एक पेनी पुरेशी होती. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आपल्याकडे डेटाचा हिशोब एकाएकी बदलला, तसंच काहीसं.

बाथ शहरात तेव्हा आयझॅक पिटमन नावाचे एक शिक्षक राहत होते. उच्चारांवर आधारलेली शॉर्टहँडची पद्धत त्यांनी १८३७मध्ये पुस्तिकेच्या रूपात छापली होती. टपाल स्वस्त झाल्यावर त्यांनी ती सगळी पद्धत एका तक्त्यात बसवली. तक्त्याची किंमतही एक पेनी. शिकणाऱ्याने तो घरी बसून अभ्यासायचा, बायबलमधला एखादा उतारा शॉर्टहँडमध्ये लिहायचा आणि पिटमनना पाठवायचा. पिटमन तो तपासायचे, चुका दुरुस्त करायचे आणि पुढच्या टपालाने परत पाठवायचे.

या गोष्टीत तक्ता महत्त्वाचा वाटतो, पण तक्ता छापून विकणं कुणालाही जमलं असतं. शॉर्टहँडची पुस्तकं पिटमनच्या आधीही बाजारात होतीच. इथे नवीन होतं ते परत येणारं पत्र. विद्यार्थी वाढत गेले आणि एकट्याने तपासणं होईना, तेव्हा ही पद्धत आधी शिकलेल्या लोकांची एक मंडळी उभी राहिली. हे लोक नवशिक्यांचे कागद फुकट तपासून द्यायचे.

ऑनलाइन शिक्षणाचा इतिहास सांगताना साधारणपणे एकच गोष्ट मोजली जाते: ज्ञान किती लोकांपर्यंत पोचलं. हाच इतिहास दुसऱ्या टोकाकडूनही वाचता येतो. शिकणाऱ्याने काही लिहिलं, सोडवलं, करून पाहिलं, तेव्हा त्याच्याकडे परत काय आलं?

हार्डींचं उत्तर

हिंदुस्थानात १८५४मध्ये अर्ध्या आण्याचं टपाल सुरू झालं आणि १८७९मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पिटमनची शॉर्टहँडही आली आणि इंग्रजी कचेऱ्यांत नोकरीचं साधन बनली. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ची पाटी अजून दिसते. आत मशीनच्या जागी कॉम्प्युटर आलेत, पण काम तेच: तुम्ही टाइप करायचं आणि चुका मोजायला समोर कुणीतरी असायचं.

स्वतःच्या बळावर शिकण्याचं उदाहरण म्हणून श्रीनिवास रामानुजन यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९०३च्या सुमाराला, सोळाव्या वर्षी, त्यांच्या हाती कार नावाच्या लेखकाचं एक जाडजूड पुस्तक पडलं. त्यात गणिताचे सुमारे पाच हजार निष्कर्ष ओळीने मांडलेले होते, सिद्धता अगदी त्रोटक. आजच्या भाषेत सांगायचं तर तो फक्त ‘कंटेंट’ होता. रामानुजन त्यात बुडून गेले, बाकीचे विषय मागे पडले, कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली. वह्या मात्र भरत राहिल्या.

त्या वह्या नीट तपासू शकेल असं जवळपास कुणी नव्हतं. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत असताना त्यांनी इंग्लंडमधल्या नामवंत गणितज्ञांना लिहून पाहिलं, पण त्यातून काही निघालं नाही. मग १६ जानेवारी १९१३ची तारीख घालून एक पत्र केंब्रिजला जी. एच. हार्डींकडे गेलं. हार्डींनी लिटलवूड या सहकाऱ्याबरोबर बसून ते वाचलं. त्यातले काही निष्कर्ष आधीच कुणीतरी काढलेले होते, काही संपूर्ण नवे होते, आणि अविभाज्य संख्यांबद्दलचे काही दावे चुकीचे निघाले. हार्डींनी उत्तर पाठवलं आणि सिद्धता मागितल्या.

रामानुजन यांची प्रतिभा हार्डींनी दिलेली नव्हती. पण काय नवं, काय जुनं, काय चुकलं हे सांगणारं पत्र यायला पुस्तक हाती पडल्यापासून दहा वर्षं लागली. एवढ्या मोठ्या बुद्धीलाही या पत्राची गरज होती. आपली काय कथा!

रेडिओ, टीव्ही आणि अभ्यासकेंद्र

पुढे रेडिओ आला, टीव्ही आला. दोन्ही वेळा शिक्षक आता घरोघरी पोचणार असं बोललं गेलं. ही दोन्ही माध्यमं मुळात एकाच दिशेने वाहणारी. भारताने १९७५-७६मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही कार्यक्रम पोचवले. १९८४मध्ये यूजीसीचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. कार्यक्रम चांगले असोत की कंटाळवाणे, पडद्याला शंका विचारायची सोय नव्हती.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने ही अडचण ओळखली होती. १९७१मध्ये तिथे शिकवणं सुरू झालं. बीबीसीवरच्या व्याख्यानांमुळे ती गाजली, पण तिचा खरा कणा होता टपालाने जाणाऱ्या असाइनमेंट. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर नेमलेला असायचा. तो शेरे लिहून, गुण देऊन कागद परत पाठवायचा. पुढे इग्नू (१९८५) आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) याच वाटेने आली, पुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रं घेऊन. नोकरी किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांना पुस्तक पोस्टानेही मिळतं. अडलेलं विचारायला मात्र रविवारी गाठता येईल अशी एक जागा लागते.

एक लाख साठ हजार

एप्रिल २००१मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने जाहीर केलं की आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य आम्ही इंटरनेटवर फुकट ठेवणार. जिथे प्रवेश मिळणं दुरापास्त, तिथल्या वर्गातल्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका आता कुणीही उघडून बघू शकणार होतं. एमआयटीने तेव्हाच हेही सांगितलं होतं की यातून पदवी मिळणार नाही आणि प्राध्यापकांशी संपर्कही नाही. पिटमनच्या तक्त्याचा हा नवा अवतार होता. कागद तपासायला पिटमन नव्हते.

सलमान खान (अर्थात खान अकादमीवाले) यांची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. २००४मध्ये ते बॉस्टनहून न्यू ऑर्लीन्समधल्या नात्यातल्या एका लहान मुलीला फोनवर गणित शिकवत होते. ती कुठे अडली हे त्यांना लगेच कळत होतं. शिकणारी मुलं वाढली तेव्हा २००६मध्ये त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. जगापर्यंत गेले ते व्हिडिओ. त्यामागचा फोन जगाला मिळाला नाही, मिळणं शक्यही नव्हतं. सरावाची गणितं देणारं सॉफ्टवेअर बनवून त्यांनी ती उणीव थोडीफार भरून काढली.

२०११मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्यांसाठी खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. पूर्ण केला सुमारे २३ हजारांनी. पुढच्या वर्षी एमआयटीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार नावं आली आणि ७,१५७ जण पास झाले. हे आकडे दाखवून ऑनलाइन शिक्षणाची टिंगल करणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही होईल. बरेच जण नुसते डोकावायला आलेले असतात. शिवाय सात हजार हा आकडाही कुठल्याही वर्गात मावणारा नाही.

त्या सात हजारांत मंगोलियातल्या उलानबातरचा एक १५ वर्षांचा मुलगा होता. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ‘इंटरनेटवर एकट्याने शिकलेला मुलगा’ म्हणून त्याची गोष्ट जगभर फिरली. त्या गोष्टीतला एक तपशील सहसा गळतो. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. शाळेतली मुलं हा कोर्स गटाने करत होती, आणि प्रत्यक्ष सर्किट जोडून बघता यावं म्हणून मुख्याध्यापकांनी अमेरिकेहून एका तरुण इंजिनिअरला सामानासकट बोलावून घेतलं होतं. मुलगा हुशार होताच. त्याला परतीचं टपालही मिळालं होतं.

आपल्या एनपीटीईएलचा प्रवासही हेच सांगतो. आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून २००३मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा भर होता लेक्चरच्या व्हिडिओंवर. २०१४पासून त्याला आठवड्याच्या असाइनमेंट जोडल्या गेल्या, आणि ज्याला प्रमाणपत्र हवं त्याला केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते.

काय फुकट, काय विकत

आता पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिका बघा. स्पर्धा परीक्षेचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम यूट्यूबवर फुकट असताना गावाकडची पोरं महिन्याचे पैसे भरून तिथली खुर्ची का धरतात? शांतता मिळते, हे एक कारण. शेजारच्याने लिहिलेलं उत्तर बघता येतं आणि आपलं त्याला दाखवता येतं, हे दुसरं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत उत्तरं हाताने लिहायची असतात. ती कशी लिहावीत याचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत. तुम्ही लिहिलेलं उत्तर कुणी तपासून द्यावं असं वाटलं, की टेस्ट सिरीजची फी सुरू होते.

म्हणजे जो तक्ता पिटमन एका पेनीला विकत होते, तो आता फुकट झाला. आणि जे काम त्यांचे जुने विद्यार्थी फुकट करत होते, ते विकत घ्यावं लागतं. पुण्यात राहण्याचा खर्च झेपणारा आणि न झेपणारा यांच्या फोनमध्ये आज एकच लेक्चर चालू असतं. त्यांच्यातला फरक लेक्चर संपल्यानंतर सुरू होतो.

२०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि काही सेकंदांत उत्तर देणारा तपासनीस हाताशी आला. कधी तो आत्मविश्वासाने चुकतो, तरी ज्याच्याजवळ विचारायला कुणीच नाही त्याला त्याचा मोठा आधार होऊ शकतो. फक्त पत्राची दिशा बघायला हवी. पिटमनचा विद्यार्थी आधी स्वतः उतारा लिहायचा, मग पाठवायचा. आपण बहुतेक वेळा प्रश्न पाठवतो आणि उत्तर मागवतो. मग तपासायला आपल्या हातचं काहीच उरत नाही.

पिटमनच्या त्या मंडळीतले लोक काही मोठे विद्वान नव्हते. ते तुमच्यापेक्षा चार धडे पुढे असलेले लोक होते. तसं कुणीतरी तुमच्या व्हॉट्सॲपवर नक्कीच असेल. व्हिडिओ संपला की एक पान लिहा, फोटो काढा, त्याला पाठवा. आणि तुमच्या चार धडे मागे असलेल्या कुणाचं पान आलं, तर ते लाल पेन घेऊन वाचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.