ई-चलन मान्य नाही आणि कोर्टाचं समन्स आलंय: बारामती, इंदापुरात दाद कशी मागायची?

पुणे-सोलापूर महामार्गावरून गाडी नेली आणि काही दिवसांनी मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला. अनेक जण तो बघून सोडून देतात. पुढे कोर्टाचं समन्स येतं तेव्हा धावपळ सुरू होते. व्हॉट्सॲपवर तीन प्रकारचे सल्ले मिळतात: 'भरून टाक, कोर्टाची पायरी नको', 'काही होत नाही, दुर्लक्ष कर' आणि 'लोकअदालतीत कमी पैशांत मिटेल'. पण गुन्हा केलाच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर या तिन्हींत नाही.

चलन म्हणजे शिक्षा नाही

ई-चलन हा पोलिसांनी किंवा आरटीओने केलेला आरोप आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 200 नुसार ठरावीक रक्कम भरून ठरावीक गुन्ह्यांत तडजोड करता येते. रक्कम भरली की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. पण पैसे भरल्यावर 'मी ते केलंच नव्हतं' असं म्हणायला जागा उरत नाही. त्यामुळे आरोप मान्य नसेल तर पैसे भरण्याआधीच थांबावं लागतं.

दारू पिऊन गाडी चालवणं हा तडजोडीचा गुन्हा नाही. तिथे कोर्टातच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधी फोटो पाहा

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून चलनाचा तपशील पाहता येतो. तक्रारीची सोयही तिथेच आहे. समन्स येण्याआधीच तक्रार केली तर बरंच काम वाचतं. पाहायच्या गोष्टी अशा:

- फोटोतली गाडी आपलीच आहे का? नंबर एमएच-42 चा, पण आपला ट्रॅक्टर आणि फोटोत स्कूटर, असं असेल तर नंबर प्लेटच्या गैरवापराची पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.
- तारीख, वेळ आणि ठिकाण जुळतं का? त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याची टोल पावती किंवा फास्टॅगची नोंद उपयोगी पडते.
- गाडी विकली होती का? आरटीओत हस्तांतर झालं नसेल तर चलन जुन्या मालकाच्याच नावे येतं.
- विमा किंवा लायसन्स नसल्याचा आरोप असेल, तर त्या तारखेला ते वैध होतं का? डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरली जातात.

गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. कलम 133 मध्ये ही तरतूद आहे.

कॅमेऱ्याच्या चलनाला नियम काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167-अ आला. त्यानुसार गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत पाठवायची असते. चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने घेतलेलं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, कायद्याचं कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. यंत्र प्रमाणित असावं आणि पुढे कॅमेरा असल्याचा फलकही असावा, असं नियम सांगतो.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरलं. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. त्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हे दाखवणारं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून आलं. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरण कोर्टात हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम 65-ब मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे.

कोणतं कोर्ट?

सर्वसाधारणपणे गुन्हा जिथे घडल्याचं म्हटलं आहे, तिथल्या कोर्टात खटला चालतो. गाडीची नोंदणी कुठली, हे महत्त्वाचं नाही. बारामती, इंदापूर आणि दौंड या तिन्ही तालुक्यांचं आरटीओ काम बारामतीतून चालतं, पण कोर्टं वेगळी आहेत. भिगवण किंवा सरडेवाडीजवळचं प्रकरण इंदापूरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, बारामती शहरातलं बारामतीला आणि पाटसचं दौंडला जाऊ शकतं. समन्सवर कोर्टाचं नाव, तारीख आणि खटला क्रमांक असतो, तोच अंतिम मानावा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख कळते.

काही चलनं ऑनलाइन व्हर्च्युअल कोर्टात जातात. तिथे दंड भरणं आणि खटला लढवणं, असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

कोर्टात नेमकं काय घडतं?

पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतात. लढायचं असेल तर 'कबूल नाही' एवढंच सांगावं लागतं. घाईत 'हो साहेब' म्हटलं की दंड होऊन विषय संपतो.

नकार दिल्यावर गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. चलन करणाऱ्या अधिकाऱ्याची साक्ष होते आणि आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला उलटतपासणी घेता येते. फोटो कोणत्या यंत्राने काढला, प्रमाणपत्र कुठे आहे, वेग कसा मोजला, हे प्रश्न इथे विचारायचे. त्यानंतर आरोपीला आपली कागदपत्रं आणि साक्षीदार देता येतात.

मुदतीचा मुद्दाही तपासावा. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने 6 महिन्यांत घ्यायची असते. एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद असेल तर मुदत 1 वर्ष आहे. मात्र योग्य कारण असेल तर कोर्ट विलंब माफ करू शकतं.

लोकअदालत म्हणजे लढाई नव्हे

लोकअदालतीत तडजोड होते, साक्षीपुरावा होत नाही. गुन्हा झाला असेल आणि प्रकरण मिटवायचं असेल तर ती सोयीची आहे. पण तिच्या निवाड्यावर अपील नसतं. निर्दोष ठरायचं असेल तर ही जागा नाही.

लढणं परवडतं का?

दंड 500 रुपयांचा आणि तारखा तीन-चार, तर मजुरी बुडवून लढणं अनेकांना परवडत नाही. शिवाय हरल्यास कोर्ट कायद्यातल्या कमाल मर्यादेपर्यंत दंड करू शकतं. पण लायसन्स निलंबित होण्याची शक्यता असेल, ऊस वाहतुकीच्या गाडीवर मोठ्या रकमेचं चलन असेल किंवा आपल्या नंबरवर दुसऱ्याची गाडी फिरत असेल, तर लढण्यात अर्थ आहे.

वकील स्वतः करता येतो. तो परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच परिस्थितीत करू नये, ती म्हणजे समन्स मिळूनही गैरहजर राहणं. त्यानंतर वॉरंट निघू शकतं. तारखेला जाणं अशक्य असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज आधीच द्यावा. जाताना समन्स, चलनाची आणि फोटोची प्रिंट, आरसी, विमा, लायसन्स, त्या दिवसाचे पुरावे आणि सगळ्याची एक झेरॉक्स सोबत ठेवावी.