फटीतला वारा : मोटारीच्या काचेचा आणि शांततेचा इतिहास

वेग वाढला की मोटारीच्या खिडकीपाशी वाऱ्याची जी शीळ ऐकू येते, तिला इतिहासकारांनी फारसे महत्त्व दिलेले नाही. इंजिनाचा इतिहास आहे, रस्त्यांचा आहे, मोटारीच्या बदलत्या आकाराचा तर सचित्र आणि सविस्तर आहे. तरीही ही शीळ माणसाला केव्हा ऐकू येऊ लागली, तिला दोष केव्हा मानले गेले आणि तो दोष शोधण्याची व घालवण्याची विद्या कशी घडली, हे प्रश्न एकत्र विचारले, तर वाऱ्याशी असलेले प्रवाशाचे नाते गेल्या शतकात किती बदलले हे स्पष्ट होते.

आरंभीच्या मोटारी उघड्या होत्या. टांग्यातून किंवा घोडागाडीतून मोटारीत आलेल्या माणसाला वारा हा प्रवासाचाच भाग वाटत असे. धूळ आणि वारा सोसण्यासाठी चष्मे होते, लांब कोट होते, स्त्रियांसाठी तोंडावरचे जाळीदार पडदे होते. त्या काळी वाऱ्याच्या आवाजाची तक्रार करणे म्हणजे नावेत बसून पाण्याची तक्रार करण्यासारखे ठरले असते. हे चित्र १९२०च्या दशकात पालटले. अमेरिकेत १९१९ मध्ये विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी सुमारे दहा टक्केच बंदिस्त असत. १९२७ पर्यंत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेले. बंदिस्त मोटारीने प्रथमच 'आत' आणि 'बाहेर' असा भेद निर्माण केला. आणि जेथे आत-बाहेर असते, तेथे दार असते. दार असते तेथे फट असतेच.

मात्र फट असली म्हणजे लगेच तिचा आवाज ऐकू येतो असे नाही. लाकडी सांगाड्यांची करकर, इंजिनाची धडधड आणि खडबडीत रस्त्यावरच्या चाकांचा खडखडाट यांत वाऱ्याचा आवाज बुडून जात होता. ध्वनिशास्त्रात ज्याला झाकोळणे म्हणता येईल, त्याचा हा प्रकार. मोठा आवाज लहान आवाजाला कानाआड करतो. म्हणून मोटारीतील शांततेचा इतिहास हा एकामागून एक उघडे पडत गेलेल्या आवाजांचा इतिहास आहे. एक आवाज शमवला की त्याच्या आड दडलेला दुसरा पुढे येतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण जाहिरातीच्या इतिहासात सापडते. डेव्हिड ओगिल्व्ही याने १९५८ मध्ये रोल्स-रॉइससाठी केलेल्या जाहिरातीचा मथळा असा होता की, ताशी साठ मैल वेगाला या गाडीतील सर्वांत मोठा आवाज विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा असतो. हे वाचून त्या कंपनीच्या एका वरिष्ठ अभियंत्याने, आता त्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे, असे उद्गार काढल्याची आठवण ओगिल्व्हीने १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. किस्सा विनोदी आहे खरा. पण त्यातील तर्क अचूक आहे. घड्याळ गप्प केले असते, तर त्या अभियंत्याला काचेपाशी वारा ऐकू आला असता.

वाऱ्याला आवाज का असतो, याचा शोध मोटारीहून जुना आहे. बोहेमियात जन्मलेला पदार्थवैज्ञानिक चेनेक स्ट्रोहाल याने १८७८ मध्ये हवेतून फिरणाऱ्या तारेच्या आवाजावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तार किती ताणली आहे यावर हा स्वर अवलंबून नसतो. तो हवेचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरतो, असे त्याला आढळले. तारेमागे हवेचे भोवरे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात आणि त्यांच्या लयीतून स्वर निर्माण होतो, हे पुढे उलगडले. या हिशेबाने ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीवरील पाच मिलिमीटर जाडीची एखादी दांडी सेकंदाला सुमारे अकराशे कंपनांचा स्वर काढते. मोटारीच्या अँटेनावर सर्पिलाकार वेटोळे दिलेले असते, ते हेच भोवरे एकसाथ सुटू नयेत म्हणून.

दुसरा टप्पा जेट विमानांच्या काळातला. मँचेस्टरच्या जेम्स लाइटहिल याने १९५२ मध्ये, खळबळणारी हवा स्वतःच आवाज कसा निर्माण करते याचा सिद्धान्त मांडला. १९५५ मध्ये कर्ल याने तो घन पृष्ठभागाजवळच्या प्रवाहाला लागू केला. त्याचा मोटारीपुरता निष्कर्ष असा की, वाऱ्याच्या आवाजाची शक्ती साधारणपणे वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेले की वेग दीडपट होतो, पण आवाजाची शक्ती अकरा पटींहून अधिक होते. कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. चाकांचा आवाज इतक्या झपाट्याने वाढत नाही. म्हणूनच गावातल्या रस्त्यावर निर्दोष वाटणारी गाडी द्रुतगती मार्गावर एकाएकी शीळ घालू लागते. दोष आधीपासून असतो. वेग तो बोलका करतो.

खिडकीपाशीच हा आवाज का, याचे उत्तर हवेच्या दाबात आहे. समोरच्या काचेवर आदळलेली हवा कडेच्या खांबावरून वळताना वेग घेते आणि तेथे तिचा दाब घटतो. बाजूची काच व दाराची चौकट या कमी दाबाने किंचित बाहेर खेचली जाते. दाराभोवतीचे रबर, ज्याला आपल्याकडील गॅरेजमध्ये बीडिंग म्हणतात, तेवढ्या अंतराने सैल पडते आणि आतली हवा बारीक फटीतून बाहेर धावू लागते. बाहेरचा वारा आत घुसतो म्हणून शीळ येते, हा सर्वसाधारण समज आहे. पुष्कळदा घडते ते याच्या उलट. शिवाय त्याच फटीतून बाहेरची सारी गडबड आत शिरते ती वेगळीच.

गंमत अशी की, आज ज्याला आपण दोष म्हणतो तोच कमी दाब एके काळी सोय म्हणून वापरला जात होता. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या विभागाने १९३३च्या गाड्यांत पुढच्या दारांना एक लहान त्रिकोणी, फिरती काच बसवली. ती थोडी तिरपी केली की तिच्या मागे दाब घटे आणि आतला धूर व कोंदट हवा बाहेर ओढली जाई. ही काच महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० वरून तयार केलेल्या पद्मिनीला ती होती, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलेल्या दोन-तीन पिढ्यांनी ती काच फिरवून दमट हवेत तोंडावर वारा घेतला आहे. तिच्या कडेने शीळ येत असे, काच खुळखुळत असे. पण तक्रार होत नसे, कारण तो वारा हवा होता. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. वातानुकूलन आले, काचा बंद झाल्या आणि जो वारा पाहुणा होता तो घुसखोर ठरला.

काचा बंद राहू लागल्यावर अभियंत्यांनी त्यांच्या जागेकडे लक्ष दिले. जुन्या गाडीत काच चौकटीच्या बरीच आत असे आणि छताच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे. या पायऱ्यांवर हवा अडखळे. १९७३च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी हवेचा अवरोध कमी करणे निकडीचे झाले. १९८२च्या ऑडी १०० मध्ये बाजूच्या काचा बाह्यांगाच्या जवळजवळ पातळीत आणल्या गेल्या आणि अवरोधगुणांक ०.३० पर्यंत उतरला. इंधनासाठी केलेल्या या उपायाने खिडकीपाशी हवेचे अडखळणेही कमी झाले. पुढे १९८९ मध्ये आलेल्या लेक्ससने शांतता हेच विक्रीचे सूत्र केले. नंतर दोन काचांच्या मध्ये ध्वनिशोषक पापुद्रा असलेल्या काचा महागड्या गाड्यांत रूढ झाल्या. शांतता ही अशा रीतीने विकत घेण्याची वस्तू झाली. ज्याची ऐपत अधिक, त्याची काच अधिक जाड.

पण साध्या गाडीची शीळ घालवण्याची विद्या स्वस्त आहे आणि ती मुख्यतः कानाची आहे. कुशल कारागीर प्रथम आवाजाची जात ओळखतो. मागची एकच काच उघडल्यावर कानांत जे जड धपधप होते, ते वेगळे प्रकरण. तेथे सारी गाडीच तोंडाशी फुंकलेल्या बाटलीसारखी घुमते आणि पुढची काच बोटभर उघडली की ते थांबते. काचा बंद असताना येणाऱ्या आवाजासाठी कागदी चिकटपट्टीचा प्रयोग करतात. दारांच्या आणि काचांच्या सर्व फटी बाहेरून पट्टीने झाकायच्या, वारा पडलेला असताना त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी न्यायची. आवाज थांबला, तर एकेक पट्टी काढत जायचे. ज्या पट्टीबरोबर आवाज परतेल तेथे फट. सर्व झाकूनही आवाज राहिला, तर कारण बाहेर आहे: आरसा, छतावरचा कॅरियर, किंवा पावसासाठी हौसेने लावलेला डोअर वायझर. तर्कशास्त्राच्या पुस्तकात व्यतिरेकाची जी पद्धत शिकवली जाते, तीच ही.

फट सापडली की कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि ती ओढून पाहायची. जेथे ती सहज सुटते तेथे बीडिंग दबलेले किंवा कडक झालेले असते. बीडिंगवर खडू फासून दार लावले, तर चौकटीवर उमटलेल्या रेघेतला खंड तेच सांगतो. उपाय क्रमाने करावेत. आधी रबर पुसून त्याला सिलिकॉनचे ग्रीस लावावे, मग दाराच्या कुलपाचा खांबावरील अडकवा मिलिमीटरभर आत सरकवून पाहावा, आणि त्यानेही भागले नाही तर बीडिंग बदलावे. अपघातानंतर डेंटरकडून सरळ केलेल्या दाराची चौकट वरच्या कोपऱ्यात बहुधा किंचित बाहेर राहते. तेथे रबर बदलून उपयोग होत नाही, चौकटच बसवावी लागते. दाराखालची पाणी निघून जाण्याची भोके मात्र कधी बुजवू नयेत. शीळ थांबेल, पण दार गंजेल.

ही विद्या घालवलेल्या आवाजाविषयी एक प्रश्न मात्र मागे ठेवते. वाऱ्याचा आवाज चालकाला काही सांगतही असतो. ऐकू येणारा आवाज कमी केला की माणूस आपला वेग प्रत्यक्षाहून कमी समजतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने आपल्याला मोठ्या वेगाची सवय लावली. जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. एवढ्या लांब, सरळ रस्त्यावर तासन्‌तास चालणारा घोंगावा थकवतो हे खरे. पण संपूर्ण शांतता वेगाचे भान बोथट करते, हेही तितकेच खरे. विजेच्या मोटारीत तर झाकोळणारे इंजिनही उरलेले नाही, त्यामुळे आत वारा अधिक स्पष्ट ऐकू येतो. बाहेर मात्र ती पादचाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला कमी वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक केले आहे. आत शांततेसाठी काच जाड करायची आणि बाहेर मुद्दाम आवाज निर्माण करायचा, अशा अवस्थेला आपण येऊन पोहोचलो आहोत.

फटीतून येणारी शीळ जरूर घालवावी. ती सदोष जोडणीची खूण आहे आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणीही येते. पण ती गेल्यावर जो मंद, सलग वारा ऐकू येत राहतो, तो काचेचा दोष नव्हे. तो आपल्याच वेगाचा आवाज आहे. तो ऐकू यावा इतकी जागा त्या शांततेत शिल्लक असलेली बरी.