तळ्यावर पाणी बाटले, गिरणीत धोटा!

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकांत लिहिलेले असते की योग्य माणूस योग्य कामावर नेमला की उत्पादन वाढते. मग जन्म पाहून माणूस नेमला तर काय होते? याचे उत्तर आमच्या महाड-पोलादपूरच्या इतिहासात आहे.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या परिषदेसाठी झटलेले दासगावचे कॉम्रेड आर. बी. मोरे पुढे मुंबईत गिरणी कामगारांत उभे राहिले. तळे आणि गिरणी यांचे नाते हे असे आहे.

खोतीत पिचलेली आमची माणसे पोटासाठी मुंबई गाठत. गिरणीतली भरती जॉबरच्या हाती. तो नात्यागोत्यातली, जातीतली माणसे आधी घेई. आमच्या वाट्याला रिंगखाते, कमी पगाराचे. जास्त पगाराचे साचाखाते बंद! कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. हाताचे कसब कुणी तपासलेच नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांचीही अडचण झाली.

सैन्यातही हेच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः सैनिक होते. महारांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी 1894 मध्ये अर्ज तयार केला. 1917 ला महायुद्धात माणसे कमी पडली, तशी महार पलटण उभी राहिली. 1921 ला ती मोडली. 1941 ला पुन्हा महार रेजिमेंट! आम्ही विचारतो, आमची गुणवत्ता 1921 ला कुठे गेली होती आणि 1941 ला कुठून परतली?

1936 मध्ये बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त हेच मांडले. आवड आणि कुवत न पाहता जन्माने लादलेल्या कामात माणसाचे मन रमत नाही, आणि मनाविना कार्यक्षमता येत नाही. नुकसान एकट्या कामगाराचे होत नाही, उद्योगाचेही होते.

म्हणून मित्रांनो, यंदा क्रांतिभूमीला वंदन केल्यावर परतीची घाई करू नका. बिरवाडीच्या एमआयडीसीत जा. कायम कोण, कंत्राटी कोण, सफाईला कोण आणि भरती कुणाच्या ओळखीने होते, ते विचारा. उत्तरे लिहून काढा. तळे खुले झाले. साचाखाते खरेच खुले झाले का, हे आपल्यालाच तपासावे लागेल.

जय भीम!