दारावर येणारा मलेरियावाला

परवा गावातल्या एका पोराने मोबाईलवर जाहिरात दाखवली. हिवतापासाठी घरोघर सर्वेक्षण करायला माणसं पाहिजेत. काम तात्पुरतं, ठरावीक दिवसांचं, पैसे रोजावर. "काका, अर्ज करू का? दोन महिन्यांचं काम आहे, पुढे काय?" असं त्याने विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा "पुढे काय" फार जुना प्रश्न आहे, आणि तो नीट सोडवला नाही म्हणून या देशाने एकदा मोठी किंमत मोजलेली आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या होती सुमारे ३३ कोटी. दरवर्षी हिवताप होणारे अंदाजे साडेसात कोटी आणि मरणारे आठ लाख. म्हणजे दर चार-पाच माणसांत एकाला थंडी वाजून ताप. भात रोवायच्या दिवसांत घरातली कर्ती माणसं गोधडीत पडून असायची. आजार औषधाच्या आधी शेतीला आणि मजुरीला मारायचा.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधीच, १९४० च्या दशकात, जुन्या मुंबई इलाख्यातल्या कारवार-धारवाड भागात डॉ. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून गुण येतो हे दाखवलं होतं. मग तेच देशभर. फवारणी हंगामी, म्हणून माणसंही हंगामी. पाच-सहा जणांची टोळी, दोन पंप, बादल्या, पावडरीची पोती. एकाने पंप हाणायचा, दुसऱ्याने नळी धरून भिंत भिजवायची. टोळी पुढच्या गावाला गेली की मागे बायाबापड्या भिंत सारवायच्या आणि डीडीटी शेणामातीखाली जायची! कागदावर मात्र घर फवारलेलं. हे ज्याला ठाऊक असायचं तो टोळीतला स्थानिक गडी. सणाच्या आधी फवारू नका, लोक घर सारवून-पोतारून घेतील, मग या, हे तोच सांगू शकायचा.

१९५८ मध्ये "नियंत्रण" शब्द गेला आणि "निर्मूलन" आला. इथून खरी गोष्ट सुरू होते. निर्मूलन करायचं तर डास मारून भागत नाही. कोणाच्या रक्तात जंतू उरलाय ते शोधावं लागतं. त्यासाठी घरोघर फिरणारा पाळत कर्मचारी नेमला गेला, लोकांच्या तोंडी "मलेरियावाला". दहा हजार वस्तीमागे एक. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दारात जायचं आणि विचारायचं, घरात कोणाला ताप आहे का, पाहुणा आलाय का? ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, क्लोरोक्वीनच्या गोळ्या द्यायच्या, आणि भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. आमच्या जुन्या घराच्या दाराशेजारी ती चौकट मी लहानपणी पाहिलेली आहे. रंग उडाला होता, तारखा दिसत होत्या. वरचा साहेब अचानक आला तर वही न मागता भिंत वाचायचा.

जरा हिशेब करा. दहा हजार वस्ती म्हणजे साधारण दोन हजार घरं. पंधरवड्यात कामाचे दिवस बारा. म्हणजे रोज दीडशेवर घरं, पायी किंवा सायकलने. सगळीकडे ते नेटकं झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण जिथे झालं, तिथे फरक पडला. १९६१ साली देशात नोंदलेले रुग्ण सुमारे ५० हजारांवर आले. १९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. साडेसात कोटींवरून पन्नास हजार!

आणि इथेच घोडं पेंड खाल्लं. रुग्ण कमी झाले, म्हणजे काम संपलं असं सरकारला वाटायला लागलं. ज्या भागात आकडे उतरले तिथली फवारणी थांबली आणि खास हिवतापाची माणसं काढून पाळत सर्वसाधारण आरोग्य यंत्रणेकडे गेली. १९६३ च्या चढ्ढा समितीने दहा हजारांमागे एक मूलभूत आरोग्य कर्मचारी सुचवला. त्याने महिन्यातून एकदा घरी जायचं, आणि हिवतापासोबत जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि कुटुंबनियोजनही बघायचं. पंधरा दिवसांची फेरी महिन्यावर गेली आणि एका माणसाच्या डोक्यावर तीन कामं आली. दोन-तीन वर्षांतच मुखर्जी समितीला म्हणावं लागलं की हे जमत नाही, कुटुंबनियोजनाला वेगळी माणसं द्या.

१९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. कारणं एकच नव्हती. डीडीटी वेळेवर येत नव्हती, डास तिला सरावले होते, ईशान्येत क्लोरोक्वीनला न जुमानणारा जंतू सापडला होता, शहरं वाढत होती. पण वणवा पेटायच्या आधी धूर कोणी बघायचा? दारात जाऊन "ताप आहे का" विचारणाराच उरला नव्हता.

आपलं एकट्याचंच असं झालं नाही. श्रीलंकेत १९६३ साली फक्त १७ रुग्ण उरले होते. तिथेही हात आखडता घेतला आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर लोक आजारी पडले. पुढे त्यांनी पुन्हा मेहनत केली आणि २०१६ साली हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं.

आपल्याकडे १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर हिवताप, देवी, कुटुंबनियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य सेवक झाला. आज हे घरोघरचं ओझं बरंचसं आशाताईंवर आहे, आणि त्यांनाही पगार नाही, कामागणिक मोबदला. महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली. जिल्हा परिषदेच्या भरतीत पुरुष आरोग्य सेवकाच्या ५० टक्के जागा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी ठेवल्या गेल्या, अनुभव ९० दिवसांचा. म्हणजे हंगामी माणसाच्या ज्ञानाला किंमत आहे हे सरकारने एका कागदावर तरी मान्य केलं. पण भरतीच वर्षानुवर्षं लांबली तर त्या कागदाचं करायचं काय?

आता आपल्या गडचिरोलीकडे या. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा आजही आपल्याच जंगलपट्ट्यात आहे. २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करायचं ठरलंय. मच्छरदाण्या वाटायच्या तर घरात माणसं किती, झोपतात कुठे, हे आधी मोजावं लागतं. बाहेरचा माणूस येईल, घर मोजेल, निघून जाईल. त्याला कुर्माघरात झोपलेली बाई दिसणार नाही. धानाच्या राखणीला शेतातल्या मांडवावर जागलीला गेलेला बाप दिसणार नाही. आणि डास तर तिथेच चावतो. माडिया बोलणारी गावचीच पोरगी हे न विचारता सांगेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. काम तात्पुरतं असू द्या, हरकत नाही. पण माणूस त्याच गावचा घ्या, रोजी वेळेवर द्या, केलेल्या दिवसांचं प्रमाणपत्र हातात द्या, आणि पुढच्या फेरीला त्यालाच आधी बोलवा. रुग्ण कमी झाले म्हणून त्याला घरी बसवू नका. रुग्ण शंभर असतात तेव्हा ते दवाखान्यात आपणहून येतात. एकच उरतो तेव्हा त्याला शोधायला शंभर दारं वाजवावी लागतात.

त्या पोराला मी अर्ज भरायला सांगितलं. सोबत हेही सांगितलं की प्रत्येक दिवसाची नोंद स्वतःच्या वहीत ठेव, आणि काम सुटताना सही-शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय निघू नको.

तुमच्या घराच्या भिंतीवर ती चौकट होती का? कोण यायचं सही करायला? आठवत असेल तर खाली जरूर लिहा.