गावची पत

साताऱ्यात वाढलेल्या माझ्या पिढीला बँक म्हटले की युनायटेड वेस्टर्न आठवते. वडील तिचे पासबुक देवघराशेजारच्या फडताळात जपून ठेवत. त्या बँकेमागे अण्णासाहेब चिरमुले उभे होते.

१९१३ साल डोळ्यांपुढे आणा. मुंबईची इंडियन स्पेसी बँक त्याच वर्षी बुडाली, लाहोरची पीपल्स बँकही बुडाली. देशी संस्थेवर विश्वास ठेवावा की नाही, असा तो काळ. नेमक्या त्याच वर्षी अण्णासाहेबांनी साताऱ्यात 'वेस्टर्न इंडिया' ही आयुर्विमा कंपनी काढली. युनायटेड वेस्टर्न बँक त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९३६ मध्ये निघाली.

मला हा क्रम फार बोलका वाटतो. विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे कंपनीकडे राहतो. बँकेतली ठेव मात्र ठेवीदार उद्या सकाळी परत मागू शकतो. म्हणून बँकेला भांडवलाइतकीच पत लागते, आणि पत एका दिवसात उभी राहत नाही. हळदीच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीतही १९१६ मध्ये सांगली बँक सुरू झाली होती. मुंबई-पुण्याबाहेरची माणसे आपला पैसा आपणच सांभाळू लागली होती.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 'वेस्टर्न इंडिया' आयुर्विमा महामंडळात गेली. थकीत कर्जे वाढून भांडवल अपुरे पडले, तेव्हा सप्टेंबर २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले. खात्यातून फक्त दहा हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. महिनाभरातच, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली.

विलीनीकरणामुळे ठेवी वाचल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण दोन्ही बँकांची मुख्यालये गेली आणि अखेरचा शब्द मुंबईकडे गेला. कर्ज मागणाऱ्याला घराण्यानिशी ओळखणारा माणूस निर्णयाच्या खुर्चीत असणे ही या बँकांची ताकद होती. तीच ओळख भिडेत बदलली, तर बँक बुडायला वेळ लागत नाही. माणूस ओळखायचा, पण हिशेबात भीड धरायची नाही. गावात नवी पतसंस्था काढणाऱ्या प्रत्येकाने अण्णासाहेबांची ती तेवीस वर्षे एकदा तरी आठवावीत.