स्प्रे टॅन : शिरूर-दौंड परिसरातील रूप

स्प्रे टॅन : ऊन न लागता त्वचेला तपकिरी रंग आणण्याची तात्पुरती रीत. डायहायड्रॉक्सिॲसिटोन (यापुढे डीएचए) या साखरेचे पातळ द्रावण फवाऱ्याने, फोमच्या रोलरने किंवा स्पंजने अंगावर लावतात. टिकणारा रंग या द्रावणात नसतो. तो पुढच्या काही तासांत त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात तयार होतो आणि तो थर झडत जाईल तसा पाच ते दहा दिवसांत निघून जातो.

प्रादेशिक स्थान : पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेतले. घोड आणि भीमा नद्यांच्या काठचा ऊसपट्टा सोडला तर माळरान, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उसाच्या फडात, कांद्याच्या वाफ्यात राबणाऱ्या माणसाला रापायला पैसे मोजावे लागत नाहीत. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत फॅशन म्हणून वाढलेल्या या प्रकाराला इथे गिऱ्हाईक नसावे, हे ओघानेच आले. शिरूर शहरातल्या काय किंवा दौंडच्या काय, पार्लरच्या दरपत्रकावर शोधायचेच तर ‘डी-टॅन’ शोधावे. रापणे घालवण्याचे पैसे लागतात, आणण्याचे नाही. लग्नाच्या हंगामात नवरीच्या जोडीने आता नवरदेवही डी-टॅन करून घेतो. मंचावरची परंपराही गोरेपणाकडेच झुकलेली. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव, तर दौंड तालुक्यातले चौफुला तिथल्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध. तमाशाच्या जुन्या रंगभूषेत सफेदा, पिवडी आणि हिंगूळ चाले, म्हणजे चेहरा उजळ करणारे लेप. ते पुसले की जातात, कारण ते त्वचेवर बसतात, त्वचेशी जोडले जात नाहीत.

या सगळ्याच्या उलट, रंग गडद व्हावा अशी इच्छा या भागात दोनच ठिकाणी धरली जाते. एक नवरीच्या तळहातावरच्या मेंदीत आणि दुसरे शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावर. स्प्रे टॅनची खरी जागा ही दुसरी. कुस्तीच्या तालमींच्या शेजारी आता जिम आल्या आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतले कामगार, दौंडला राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे असल्याने भरतीचे स्वप्न पाहणारी मुले, शेतकऱ्यांची पोरे असा तिथला जमाव असतो. त्यांतले थोडे स्पर्धेपर्यंत जातात. सुहास खामकर, संग्राम चौगुले यांच्यासारख्या कोल्हापूरकडच्या शरीरसौष्ठवपटूंची चमकत्या तांबूस-काळ्या रंगातली छायाचित्रे जिमच्या भिंतींवर असतात. तो रंग निसर्गाचा नसतो हे नव्या पोराला पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्रीच कळते.

मंचावर रंग का लागतो : स्पर्धेचे दिवे प्रखर आणि पांढरे असतात. त्या उजेडात फिकट किंवा मध्यम सावळी त्वचाही प्रकाश परतवते, स्नायूंमधल्या सावल्या भरून निघतात आणि वर्षभर कमावलेला ‘कट’ पंचांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. गडद, एकसारख्या रंगावर मात्र उंचवट्याला चकाकी आणि खोलगट भागाला छाया मिळते. मूळचा सावळा खेळाडूही म्हणून रंग लावतो. शेतात काम करणाऱ्याला एक जास्तीची अडचण असते. त्याची मान, चेहरा आणि कोपरापासून खालचे हात एका रंगाचे, आणि सदऱ्याखाली राहिलेली छाती-पाठ दुसऱ्या. पोझ घेतल्यावर बाहीची आणि बनियनची रेघ स्पष्ट दिसते. अशा अंगाला सगळीकडे सारखे कोट देणे ही चूक. आधी फिकट भागावर एक कोट जास्त चढवून दोन रंग जवळ आणावे लागतात.

रंग कसा चढतो : डीएचए ही तीन कार्बन अणूंची साधी साखर. ग्लिसरॉलवर ग्लुकोनोबॅक्टर जातीच्या जीवाणूंची क्रिया घडवून ती मिळवतात. त्वचेच्या वरच्या शृंगी थरातल्या प्रथिनांमध्ये जी ॲमिनो आम्ले असतात, त्यांच्याशी ती संयोग पावते आणि मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्ये तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया स्वयंपाकघरात रोज घडते. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना तांबूस होत जातो त्यातही तिचा वाटा असतो. तिथे चुलाणाचा जाळ लागतो, इथे अंगाची ऊब पुरते, म्हणून वेळ जास्त जातो. उन्हाने येणारा रापलेपणा याहून अगदी वेगळा. त्यात खालच्या जिवंत पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. डीएचएचा मेलॅनिनशी संबंध नाही.

लावल्यानंतर दोन ते चार तासांनी रंग दिसू लागतो, आठ-दहा तासांत बराचसा चढतो आणि साधारण २४ तासांत पुरा होतो. काही त्वचांवर तो त्यानंतरही किंचित गडद होत राहतो. लावताक्षणी जो तपकिरी रंग दिसतो तो द्रावणात मिसळलेला मार्गदर्शक रंग असतो, कुठे लागले आणि कुठे राहिले हे कळावे म्हणून. पहिल्या अंघोळीत तो मोरीत वाहून जातो. सगळा टॅन धुऊन गेला म्हणून घाबरणारे नवखे इथेच फसतात. त्याखाली खरा रंग असतो, किंवा तयारी चुकली असेल तर नसतो.

ज्यांना हे नवे वाटते त्यांनी घरातली मेंदी आठवावी, कारण तत्त्व तेच आहे. मेंदीच्या पानात लॉसोन हे द्रव्य असते. लगदा काढल्यावर तळहात नारिंगी दिसतो, आणि लॉसोन केराटिन या प्रथिनाशी जोडले जाऊन हवेने हळूहळू ऑक्सिडीभूत होत गेले की एक-दोन दिवसांत तो रंग तांबडा-तपकिरी होतो. म्हणून जाणती बाई मेंदी हळदीच्या दिवशी सकाळी न काढता लग्नाच्या दोन रात्री आधी काढायला लावते. मेंदी गडद रंगली की नवऱ्याचे किंवा सासूचे प्रेम जास्त, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात प्रश्न शृंगी थराच्या जाडीचा असतो. तळहात-तळपायाची कातडी शरीरात सर्वांत जाड, म्हणून रंग तिथे सर्वांत खोल. खुरपे धरून घट्टे पडलेल्या हातावर मेंदी छान चढते याचेही कारण हेच, आणि प्रेमापेक्षा कष्टाची ही खूण मला जास्त पटते. हळदीचे मात्र वेगळे. तिच्यातले कर्क्युमिन प्रथिनाला घट्ट धरत नाही आणि उन्हात विरते, म्हणून नवरदेवाची पिवळी कांती वरातीनंतर फार टिकत नाही.

जाड त्वचेचा हाच गुण टॅनमध्ये दोष ठरतो. कोपर, गुडघे, घोटे, बोटांचे सांधे जास्त द्रावण पितात आणि तिथे काळपट डाग पडतात. तळहात तर नारिंगी होऊन सगळे गुपित फोडतात.

इतिहास : डीएचएचा हा गुण योगायोगाने ध्यानात आला. अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे इव्हा विटगेनस्टाइन १९५० च्या दशकात ग्लायकोजेन साठण्याचा आजार असलेल्या मुलांना ही साखर तोंडाने देऊन अभ्यास करत होत्या. मुलांच्या अंगावर सांडलेल्या थेंबांच्या जागी तपकिरी ठिपके उमटत, कपडे मात्र डागाळत नसत. त्यांनी द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिले. १९६० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कॉपरटोन कंपनीचे रंग आणणारे लोशन बाजारात आले. सुरुवातीची लोशने नारिंगी आणि पट्टेदार रंगासाठी बदनाम होती. फवाऱ्याची यंत्रे नंतरची.

तयारी : निकाल इथे ठरतो. महागडी बाटली घेऊन कोरड्या, केसाळ, साबणाचा थर राहिलेल्या अंगावर फवारणाऱ्याला साध्या बाटलीवाला चांगली तयारी करून हरवतो. केस काढणे एक-दोन दिवस आधी उरकावे. त्याच दिवशी वस्तरा फिरवला तर केसांच्या छिद्रांत रंग बसून अंगभर काळे ठिपके दिसतात. मग खरखरीत हातमोज्याने किंवा घरच्या घासणीने अंग घासून सुटू आलेल्या पेशी काढाव्यात, कारण त्या जिथे सुटतील तिथे रंगही सुटतो. हिवाळ्यात या भागातली हवा कोरडी असते आणि पायांच्या नडग्या भेगाळतात; अशा वेळी आठवडाभर आधीपासून तेल किंवा मॉइश्चरायझर लावत राहावे, फक्त शेवटच्या दिवशी थांबावे. तेल, अत्तर, डिओडरंट यांपैकी काहीही अंगावर असेल तर डीएचए त्वचेपर्यंत पोहोचत नाही, आणि काखेत डिओडरंटवर बसलेला टॅन हिरवट दिसतो. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा बुळबुळीत पापुद्रा राहतो. साबण अल्कधर्मी असतो आणि डीएचएला किंचित आम्लधर्मी त्वचा मानवते. शेवटचे दोन तांबे साध्या, शक्यतो मऊ पाण्याचे घ्यावेत. कोपर, गुडघे, घोटे आणि तळहातांवर क्रीमचा पातळ हात फिरवला की तिथे रंग बेताने बसतो.

लावणे : सलूनमध्ये कमी दाबाच्या फवाऱ्याने पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून फवारतात. रोजच्या वापराच्या द्रावणात डीएचए साधारण ८ ते १४ टक्के असते. स्पर्धेच्या द्रावणात त्याशिवाय गडद रंगही घातलेले असतात. तालुक्याच्या ठिकाणी यंत्र क्वचितच मिळते. तिथे रोलर, स्पंज आणि पाठीला हात लावायला एक मित्र एवढ्यावर काम चालते, आणि नीट केले तर भागते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एक कोट, तो वाळल्यावर दुसरा, सकाळी गरजेप्रमाणे तिसरा असा क्रम बहुतेक जण पाळतात. एकाच वेळी जाड थर देण्याचा मोह टाळावा. तो ओघळतो आणि ओघळाच्या रेघा धुऊन जात नाहीत. चेहऱ्याला सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी. काखा, कोपराची घडी, मांडीचा सांधा हे भाग ताणून धरून लावावेत, नाहीतर हात उचलल्याबरोबर पांढरी चीर दिसते. शेवटी अंगावर तेल लावायचे तर अगदी नावाला, कारण जास्त तेल टॅन विरघळवते आणि कपाळावरून तपकिरी धारा लागतात. आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांत पुसल्याबरोबर निघणारे रंग चालत नाहीत. पंचांच्या मदतनिसाने हात फिरवून पाहिले आणि रंग आला तर तो पुसून काढावा लागतो. नुसते फासलेले झटपट क्रीम म्हणूनच भरवशाचे नाही.

थांबणे : द्रावण लावल्यावर किमान सहा-आठ तास पाणी नको, आणि घामही नको. एप्रिल-मे महिन्यांत दौंडमध्ये हे सांगणे सोपे, करणे अवघड. पंख्याखाली, ढगळ गडद कपड्यांत बसावे. कंबरेचा घट्ट इलॅस्टिक आणि मोज्यांचा पट्टा तिथल्या तिथे रेघ ओढतो. भांडी घासणे, गाडी धुणे ही कामे दुसऱ्यावर सोपवावीत. पाण्याचा एक शिंतोडाही या काळात पांढरा ठिपका ठेवून जातो. मुक्कामाला लॉजवर जाणाऱ्यांनी जुनी चादर बरोबर न्यावी, कारण लॉजवाल्याच्या पांढऱ्या चादरीवर उठलेला माणसाचा नकाशा पुढे हिशेबात येतो.

उतरणे : रंग पाच ते दहा दिवस राहतो. चेहऱ्यावरचा आधी जातो, कारण तिथे धुणे आणि दाढी रोजची. उरलेला तुकड्यातुकड्यांत जातो, आणि अशा वेळी अंग कोड आल्यासारखे दिसते, म्हणून गावात विनाकारण चौकशा होतात. हळूहळू आणि सारखा उतरावा असे वाटत असेल तर टिपून कोरडे करावे, रगडू नये, रोज मॉइश्चरायझर लावावे. लवकर घालवायचा असेल तर कोमट पाण्यात भिजून, तेल चोळून, मग घासावे. त्वचेला भाजणारे उपाय करू नयेत.

दक्षता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला बाहेरून लावण्यापुरती मान्यता दिली आहे, डोळे, ओठ आणि श्वासमार्ग त्यात येत नाहीत. फवारणी करताना डोळ्यांवर चष्मा, नाकाला झाकण आणि उघडी खिडकी हवी. दम्याच्या माणसाने रोलरच वापरावा. नवे द्रावण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. मेंदीच्या बाबतीत ही तपासणी आणखी गरजेची, कारण ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोनात पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन असू शकते. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा कलपही आयुष्यभर चालत नाही. अस्सल मेंदी तासाभरात काळी होत नाही, हे ओळखायला पुरेसे आहे.

स्पर्धा आटोपून दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. गडद दिसणारी ही त्वचा उन्हापासून जवळजवळ काहीच वाचवत नाही. डीएचएच्या रंगाचे संरक्षण एसपीएफ ३-४ इतकेच असते, आणि लावल्यानंतरच्या पहिल्या दिवसात उन्हात अशा त्वचेत मुक्त मूलके अधिक तयार होतात असे प्रयोगांत दिसले आहे. फुल बाहीचा सदरा आणि डोक्याला टॉवेल घालूनच बांधावर जावे.