एक शर्यत, दोन स्कॉलरशिप

या भागाचं लिखित रूप नेहमीसारखं इथे देतोय. ज्यांनी बसमध्ये अर्धाच ऐकला, त्यांनी इथून पुढे वाचा.

सुरुवात एका आकड्यापासून. दहा मिलिसेकंद. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हा आकडा मला रोज भेटतो. सर्व्हरकडून उत्तर यायला दहा मिलिसेकंद जास्त लागले तर आमच्याकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. पण ८ ऑगस्ट १९८४ला लॉस एंजेलिसच्या मैदानावर याच दहा मिलिसेकंदांनी एका मुलीचं ऑलिम्पिक पदक गेलं. बरोबर ओळखलंत, पी. टी. उषा.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी जीके-च्या पुस्तकात वाचलीय. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. महिलांसाठी हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आला होता. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू तिसरी, वेळ ५५.४१ सेकंद. उषा चौथी, ५५.४२. गोष्ट तिथेच संपते आणि आपण हळहळतो.

पण पहिली कोण आली होती? मी हे ऑफिसात पाच जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नुकतंच कळलंय. तिचं नाव नवाल एल मुतावकील. देश मोरोक्को, वय २२, वेळ ५४.६१. त्या ऑलिम्पिकला आलेल्या मोरोक्कोच्या पथकात ती एकटी बाई होती. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी पहिली अरब महिला तीच.

आता गंमत बघा. सुवर्ण जिंकणारी आणि चौथी आलेली, या दोघी त्या ट्रॅकपर्यंत पोचल्या त्या स्कॉलरशिपच्या जोरावर. आणि पुढे दोघींनी जे केलं, तेही जवळजवळ सारखंच. आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी उषा. केरळमधल्या कोळिकोडजवळच्या पय्योळी गावची मुलगी. घरची परिस्थिती बेताची, लहानपणी तब्येतही नाजूक. १९७६ साली केरळ सरकारने कण्णूरला मुलींसाठी क्रीडा शाळा सुरू केली. चाळीसेक मुली निवडल्या, त्यांत बारा वर्षांची उषा होती. स्कॉलरशिप २५० रुपये. हवाई दलातून निवृत्त झालेले ओ. एम. नंबियार तिथे प्रशिक्षक होते. हडकुळ्या पण झपझप चालणाऱ्या या पोरीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि पुढची अनेक वर्षं ते तिचे गुरू राहिले. १९८५ला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी तो मिळालेल्यांत नंबियार होते.

तो काळ आठवा. हातात बूट नाहीत, मैदान म्हणजे समुद्राकाठची वाळू, आणि मुलगी चड्डी घालून पळते म्हणून लोक वळून बघणार. अशा वेळी सरकारी कागदावर लिहून येतं, की तुमच्या मुलीला राहायला जागा, जेवण आणि वर पैसे मिळतील. घरच्यांना ‘हो’ म्हणायला एक कारण मिळतं. मला वाटतं, त्या २५० रुपयांचं खरं काम हेच होतं. खर्च भागला हे आहेच, पण ‘आमच्या मुलीला सरकारने बोलावलंय’ असं शेजाऱ्यांना ताठ मानेने सांगता आलं.

चार वर्षांत ती मॉस्को ऑलिम्पिकला होती, वय १६. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरला रौप्य. आणि १९८४ला लॉस एंजेलिस. तिथे ऑलिम्पिक गावातलं परदेशी जेवण काही जाईना, म्हणून पेज आणि लोणच्यावर दिवस काढले, असं उषाने पुढे मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे शाळेपर्यंत व्यवस्था पोचली होती, पण ऑलिम्पिकच्या ताटापर्यंत पोचली नव्हती.

आता नवाल. कासाब्लांका शहरातली मुलगी. वडील बँकेत नोकरीला, मुलीच्या पळण्यामागे ठाम उभे. १९८३ला तिला अमेरिकेच्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीची क्रीडा स्कॉलरशिप मिळाली. मोरोक्कोतून थेट आयोवाच्या बर्फात. आणि ती तिथे पोचून काही दिवस होतात न होतात तोच वडील गेले. ती परत आली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण ती राहिली, आणि १९८४ला अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हीच ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. दोनच महिन्यांनी ऑलिम्पिक.

इथे एक छोटा फाटा घेतो, कारण आयोवाच्या त्या स्कॉलरशिपलाही इतिहास आहे. जून १९७२मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. मूळ इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य अवघ्या ३७ शब्दांचं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा मतितार्थ. त्या वाक्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही! तरी त्याच आधारावर मुलींच्या खेळांना हक्काचे पैसे मिळू लागले.

आणि विरोध फक्त पुरुषांनी केला असं समजू नका. कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धा भरवण्यासाठी १९७१ला जी संघटना झाली, ती महिलांनीच चालवलेली होती, आणि तिनेच आधी खेळाच्या स्कॉलरशिपला बंदी घातली होती. पैसा आला की मुलांच्या खेळात शिरलेली घाण मुलींच्या खेळातही येईल, अशी त्यांना भीती होती. भीती अगदीच खोटी नव्हती. पण १९७३ला फ्लोरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक कोर्टात गेल्या. संघटनेला नियम बदलावा लागला. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच वाटेने कासाब्लांकाची एक मुलगी आत आली. कायदा अमेरिकेचा, खटला फ्लोरिडाचा, आणि सुवर्ण मोरोक्कोचं. इतिहास असा चालतो.

पुढे काय झालं?

नवाल जिंकली आणि मोरोक्कोचे राजे हसन दुसरे यांनी तिला फोन केला. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावं नवाल ठेवा, असं राजांनी फर्मावल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. नोव्हेंबर १९८५मध्ये मात्र आयोवा स्टेटच्या संघाला घेऊन येणारं छोटं विमान कोसळलं. त्यात सात जण गेले. तीन धावपटू मुली होत्या, आणि नवालला घडवणारे प्रशिक्षकही. ज्यांचं ऋण फेडायचं, तेच राहिले नव्हते.

१९९३ला तिने कासाब्लांकात फक्त महिलांसाठी दहा किलोमीटरची धाव सुरू केली. शर्यत म्हणण्यापेक्षा जत्राच. आज्या, आया, कॉलेजच्या पोरी, कुणी ट्रॅकसूटमध्ये, कुणी डोक्याला रुमाल बांधून. हजारो बायका भर रस्त्यात पळू लागल्या. १९९८ला ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची सदस्य झाली, आणि २००७ला मोरोक्कोची क्रीडामंत्री. २०१२चं ऑलिम्पिक कोणत्या शहराला द्यायचं, याची पाहणी करणाऱ्या आयोगाची ती अध्यक्ष होती. त्या पथकात एकटी असलेली बाई!

आणि उषा? १९८६च्या सोल एशियाडमध्ये चार सुवर्ण, पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. पण २००२ला तिने कोयिलांडीला मुलींसाठी निवासी शाळा काढली, उषा स्कूल ऑफ अॅथलेटिक्स. पुढे शाळा किनालूरला गेली, सरकारने जमीन दिली, सिंथेटिक ट्रॅकही झाला. सुरुवातीच्या मुलींत कण्णूर जिल्ह्यातली टिंटू लुका होती. २०१०ला टिंटूने ८०० मीटर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत धावून शायनी विल्सनचा १५ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. कण्णूरने उषा दिली, उषाने कण्णूरची टिंटू घडवली.

मग मला जाणवलं ते असं. पहिली आणि चौथी, दोघींच्या वेळेत ०.८१ सेकंदाचा फरक. पण पुढच्या पोरींना जे मिळालं, त्यात या फरकाचा हिशेब कुठेच दिसत नाही. स्कॉलरशिप हे जिंकल्याचं बक्षीस नसतं, कारण ती जिंकण्याच्या आधी दिली जाते. बारा वर्षांच्या मुलीचं पुढे काय होणार, हे देणाऱ्याला माहीत नसतं. तरी तो देतो.

आणि जिथे दिलं जात नाही, तिथला हिशेबही दिसतो. उषाचा ५५.४२चा राष्ट्रीय विक्रम ३९ वर्षं तसाच होता. २०२३ला हांगझोऊ एशियाडमध्ये तमिळनाडूच्या विथ्या रामराजने त्याची बरोबरी केली. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठायला भारतीय खेळाडूला ३२ वर्षं लागली. ती होती आपल्या माणदेशची ललिता बाबर, रिओ २०१६. या मधल्या वर्षांत पळू शकणाऱ्या पोरी जन्मल्याच नाहीत, असं थोडंच आहे?

एक तर माझ्याच घरात होती.

माझी ताई शाळेत ४०० मीटर पळायची. जिल्ह्यात दुसरी आली तेव्हा पीटीचे सर घरी आले होते. म्हणाले, निवासी प्रशिक्षणाची चाचणी आहे, पोरीला पाठवा. आई-बाबांनी चहा दिला, ‘बघतो’ म्हणाले आणि पाठवलं नाही. मुलगी लांब राहणार, बूट, दूध, अंडी, येणंजाणं. त्यानंतर दोन वर्षांनी मला मोठ्या शहरात क्लास लावला. फी त्या सगळ्या खर्चाच्या कितीतरी पट होती. मी लांब राहिलो, मेस लावली, बी.टेक. झालो. ‘समाजाला परत काय देणार?’ असं मला तेव्हा कुणीच विचारलं नाही, आजवर नाही.

म्हणून मुलींच्या स्कॉलरशिपच्या प्रत्येक जाहिरातीत परतफेडीची भाषा दिसली की मी थोडा अडखळतो. उषाने आणि नवालने परत दिलं, कारण त्यांना ते काय असतं ते ठाऊक होतं. पण आधी मिळालं, मग दिलं. क्रम उलटा करून चालणार नाही.

ताई आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शनिवारची शाळा सुटली की मुलींना मैदानावर थांबवते, मोबाइलवर वेळ लावते. तिला स्वतःला कुणी पाठवलं नव्हतं, तरी. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सातवीतल्या एका मुलीला स्पाइक्स घ्यायचेत, थोडे पैसे पाठवशील का?

मी विचारलं, “चांगली पळते का गं? पुढे जाईल?”

ताई म्हणाली, “ते नंतर बघू रे. आत्ता तिच्या पायाचं माप आहे माझ्याकडे, लिहून घे.”

मी लिहून घेतलं.

तुमच्या गावात, शाळेत अशी एखादी पळणारी मुलगी आठवत असेल, तर तिचं पुढे काय झालं ते आम्हाला व्हॉइस मेसेजने जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि जमलं तर थोडं पळाही!